हयातीतला मान



दीक्षा घेताना आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यांतील सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष आणि पिंडदान बंद करणारी आहे. मेल्यावर कावळ्याला घास घातला की आईबापाचे ऋण फिटते, ही सोयीची समजूत तिने काढून घेतली. मग ते ऋण फेडायचे कधी? ती माणसे डोळ्यांदेखत ओसरीवर बसलेली आहेत तेव्हाच.

राजगृहाचा सिगाल नावाचा तरुण ओल्या कपड्यांनी सहा दिशांना हात जोडत होता. पूर्व दिशा म्हणजे आईबाप, असे भगवान बुद्धांनी त्याला समजावले. त्यांनी आपल्याला पोसले, आता आपण त्यांना पोसावे, हे मुलाचे पहिले कर्तव्य सांगितले. वसलसुत्त याहून कडक आहे. श्रावस्तीत भिक्षेला गेलेल्या बुद्धांना अग्गिक भारद्वाज या ब्राह्मणाने ‘वसल’, म्हणजे हीन, म्हणून हटकले. वसल कोणाला म्हणतात ते ठाऊक आहे काय, असे बुद्धांनी त्यालाच विचारले. पुढे त्यांनी जी यादी सांगितली ती सारी आचरणाची आहे. ऐपत असून म्हाताऱ्या आईबापाला न पोसणारा तीत आहे. आई, बाप, भाऊ, बहीण, सासू यांना मारणारा, टाकून बोलणाराही आहे. सासूचा उल्लेख तेथे आहे, हे सुनांनी आणि जावयांनीही ध्यानात ठेवावे. जन्मावरून हीन म्हणवून घेणे आपण नाकारले. या यादीत मात्र आपल्या वागण्याने आपले नाव लागू शकते.

आता आपल्या भागाकडे या. नांदेडच्या मुखेड-कंधारकडून, लातूरच्या जळकोटकडून दिवाळीच्या सुमारास कितीतरी जोडपी ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. पाचसहा महिने परतणे नाही. गावात उरतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी नातवंडे. आपण सहज म्हणतो, ‘म्हातारीला घर राखायला ठेवले आहे.’ राखण कसली? ती चूल पेटवते, पाणी भरते, रेशन आणते, नातवाला शाळेत धाडते, त्याला ताप आला तर रात्र जागते. अख्खा संसार ती ओढते आणि घरातल्या कोणत्याही बेतात तिला कोणी विचारत नाही! निघण्यापूर्वी किराण्याचे, औषधाचे पैसे तिच्याच हाती द्या. नातवंडांसमोर ‘तुला काय कळते’ म्हणू नका; सहा महिने त्यांना तिचेच ऐकायचे आहे.

पासष्ट वर्षांवरील निराधारांना श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन आहे. नाव रामायणातल्या कथेचे, पैसा सरकारी तिजोरीचा; तो जरूर घ्यावा. अर्ज तहसीलमध्ये करावा. पासबुक मात्र ज्याचे त्याच्याजवळ राहू द्या. पोटची मुले पाहतच नसतील तर २००७ च्या कायद्याने उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे निर्वाहखर्च मागता येतो.

वडीलधाऱ्यांनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. ‘आता आमचे काय उरले’ म्हणून कोपऱ्यात बसू नका. आपले शरीर पट्ट्या बांधून चालवलेल्या जुन्या गाड्यासारखे झाले आहे, असे ऐंशीव्या वर्षी बुद्धांनी आनंदाला सांगितले. त्यात लाज नव्हती, कुरकुर नव्हती. त्यानंतरही ते गावोगाव चालत राहिले, उपदेश करत राहिले. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि नांदेड जिल्ह्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. मधली वर्षे तुमच्यापैकी कितीजणांनी अंगावर काढली आहेत. पुढच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर ते विहारात मुलांना सांगा, आणि मुलांनी वही-पेन घेऊन यावे.