नीरेच्या पाटावरील ऊंस आणि उचलीचें बंधन

बारामती व इंदापूर ह्या तालुक्यांचें नांव काढलें म्हणजे आतां उंसाचे हिरवे फड डोळ्यांपुढें येतात. परंतु ही भूमि मूळची अवर्षणाची आहे. १८७६-७८ चा मोठा दुष्काळ ह्या भागानें सोसला. त्यानंतर १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहूं लागला आणि भाटघरच्या धरणाचें पाणी ह्या माळरानांत आलें. सासवडकडील माळी बागाईतदारांनीं पाटाखालीं खंडानें जमिनी धरून ऊंस लाविला व गुऱ्हाळें घातलीं. पुढें १९३२ सालीं परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली. तेव्हां शेठ वालचंद हिराचंद ह्यांनीं इंदापूर तालुक्यांत कळंबच्या माळावर कारखाना आणि त्याला लागून मोठी ऊंसशेती उभी केली. तेंच आजचें वालचंदनगर. १९६१ च्या जमीनधारणेच्या कायद्यानें अशा कंपन्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या. माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर येथें सहकारी कारखानेहि उभे राहिले. मालक बदलले, पण उंसास लागणारे हात कमी झाले नाहींत. हे हात कोठून येतात व कोणत्या करारानें येतात, हा ह्या पाठाचा विषय आहे.

ऊंस आणि परतंत्र मजूर ह्यांचें नातें जुनें आहे. मॉरिशस बेटांत इंग्रज व फ्रेंच मळेवाल्यांचा ऊंस आफ्रिकेंतून व मादागास्करांतून आणलेले गुलाम तोडीत असत. १८३५ च्या फेब्रुवारींत ते मुक्त झाले; परंतु त्याच्या आदल्याच वर्षापासून हिंदुस्थानांतून करारावर मजूर नेण्यास आरंभ झाला होता. मुंबई बंदरांतून गेलेल्यांत कोंकणांतील आपलीं मराठी माणसें होतीं, आणि त्यांचे वंशज आजहि तेथें आहेत. कागदोपत्रीं तीं स्वतंत्र होतीं. तथापि एक दिवस कामास न आल्यास दोन दिवसांचा पगार कापावा, असा तेथें नियम होता. विकत घेतलेला मनुष्य व अंगठा उठविलेला मनुष्य ह्यांत अंतर मोठें आहे खरें. पण त्या दोन दिवसांच्या कपातीनें तें पुष्कळच कमी झालें.

आतां आपल्या फडाकडे वळूं. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, धाराशिव, जालना ह्या जिल्ह्यांतून टोळ्या निघतात. टोळींत माणसें मोजीत नाहींत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा व बायको. एकटा मनुष्य असेल तर तो अर्धा कोयता. मुकादम पावसाळ्यांतच गांवांत फिरून उचल देतो. ती बहुधा नवऱ्याच्या हातीं पडते, फेडावी मात्र दोघांस लागते. लग्न, आजारपण, मागलें देणें ह्यांत ती रक्कम घर सोडण्यापूर्वींच संपते. मग पांच-सहा महिने पहाटेपासून फडांत राबणें. तो ऊंस तोडतो, ती पाचट काढून मोळी बांधते, आणि ती मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत जाते. ट्रक मध्यरात्रीं आला तर मध्यरात्रीं भरावा लागतो. राहणें पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपींत. मुलें बरोबर आणावीं तर शाळा बुडते, मागें ठेवावीं तर म्हाताऱ्यांच्या गळ्यांत पडतात. आठवड्याच्या बाजारास हातीं रोख पैसा असतो तो बहुतेक वाढें विकून आलेला.

मजुरी टनावर ठरते. पण वजन होतें कारखान्याच्या कांट्यावर, आणि मजूर त्या वेळीं फडांत असतो. कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचें नांव नसतें, कारण करार मुकादमाशीं झालेला असतो. एका दिवसाचा खाडा पडला तर कित्येक टोळ्यांत पांचशें रुपये किंवा त्याहून अधिक दंड मांडतात. मॉरिशसची ती कपात आणि हा खाडा ह्यांत आम्हांस तरी फारसा फरक दिसत नाहीं. २०१९ सालीं राज्य शासनाच्या पाहणींत बीड जिल्ह्यांतील ऊंसतोडणी करणाऱ्या तेरा हजारांहून अधिक बायकांचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. ह्यास कारणें अनेक आहेत. परंतु पाळीच्या दिवसांतहि खाडा पडूं नये ही धास्ती त्यांपैकीं एक आहे. हंगाम संपतांना हिशेब होतो, आणि उचल फिटली नाहीं तर अंगावर बाकी राहते. ती बाकी पुढील वर्षीं त्याच मुकादमाकडे ओढून आणते.

ऊंसतोड्यास सरसकट गुलाम म्हणणें खरें होणार नाहीं. त्यास कोणी विकीत नाहीं. हंगाम सरतांच तो आपल्या गांवीं जातो. संघटना करून तो भांडतो, आणि जानेवारी २०२४ मध्यें तोडणीचा दर ३४ टक्क्यांनीं वाढला तो अशाच मागणीनें. परंतु बाकी आहे म्हणून ज्यास दुसरीकडे कामास जातां येत नाहीं, त्याची गोष्ट निराळी. गुलामांवरील मालकीस कोर्टांनीं मान्यता देऊं नये, असा कायदा ह्या देशांत १८४३ सालींच झाला. राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानें वेठ बंद केली. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्यानें, घेतलेल्या आगाऊ रकमेपायीं कोठेंहि जाण्याची अथवा दुसरें काम धरण्याची मोकळीक गमावणें, किंवा ठरलेल्या किमान मजुरीहून कमींत राबणें, ही वेठबिगारीच ठरविली आहे. असें देणें त्या कायद्यानें रद्द होतें. आणि जो तें वसूल करूं पाहील त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. अंमलबजावणीचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. एक कलम तर आमच्या वाचकांनीं ध्यानांत धरण्याजोगें आहे: मजुरानें हें देणें वेठबिगारीचें आहे असा दावा केल्यास, तें तसें नाहीं हें शाबीत करण्याचा भार सावकारावर पडतो.

तरी तोंडी गोष्टींस कचेरींत वजन नसतें. मंडळीतील कोणी तोडीस निघाला असेल, तर ज्यास लिहितां येतें अशा उपदेशकानें किंवा शाळेंत जाणाऱ्या मुलानें त्यास एक वही आंखून द्यावी: उचल किती, कोणत्या तारखेस, कोणासमक्ष, रोजचीं टनें, मांडलेले खाडे, वाटेंत घेतलेली उसनवार. वजनाची चिठ्ठी गाडीवाल्याकडे जाते. तिच्यावरील आंकडा त्याच रात्रीं कोपींत वहींत उतरून घ्यावा, आणि वही बायकोजवळ ठेवावी, कारण अर्धा कोयता तिचा आहे.