हिंवाळ्यांतील डोळ्यांचा कोरडेपणा

परभणी जिल्ह्यांत मार्गशीर्ष-पौषांत कापसाची वेचणी व रब्बी ज्वारीची राखण हीं दोन्ही कामें एकदमच येतात. याच दिवसांत पापण्यांखालीं वाळू गेल्यासारखें खुपतें आणि वाऱ्यावर जातांच डोळ्यांतून पाणी वाहूं लागतें. पाणी वाहणारा डोळा कोरडा कसा, असें कोणीहि विचारील. बुबुळावर अश्रूंचा पातळ थर नित्य असतो. पापण्यांच्या ग्रंथींतील तेल त्यावर पसरून तो सुकूं देत नाहीं. थंड, कोरड्या हवेनें तो थर लवकर विरतो, डोळा चुरचुरतो, आणि मग धांवून आलेलें पाणी नुसतें ओघळून जातें; मूळचा कोरडेपणा राहतोच.

कोमट पाण्यांत भिजवून पिळलेलें स्वच्छ फडकें मिटलेल्या डोळ्यांवर ५ ते १० मिनिटें ठेवावें; थिजलेलें तेल सुटतें. चुलीचा व शेकोटीचा धूर टाळावा. कृत्रिम अश्रूंचे थेंब औषधांच्या दुकानीं मिळतात. त्यांपैकीं पुष्कळांतील कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोज हा पदार्थ सेल्युलोजपासूनच करतात, आणि आपला कापूस म्हणजे बहुतांशीं सेल्युलोजच! मध, दूध वा झाडपाल्याचा रस मात्र डोळ्यांत घालूं नये.

ज्वारीचें पान वा धसकट लागून डोळा दुखूं लागल्यास तो कोरडेपणा समजून दिवस दवडूं नयेत. अशा जखमेंत बुरशी शिरल्यास बुबुळावर फूल पडून दृष्टि जाण्याचें भय असतें. घरांत पडलेले स्टेरॉइडचे जुने थेंब घातल्यास ती अधिकच फोफावते. त्याच दिवशीं नेत्रवैद्य गांठावा.