रोग शरीराचा, व्यथा मनाची



शरीरास रोग जडला असतां आपण वैद्याकडे धांव घेतों. परंतु त्या रोगापायीं मनास जी जखम होते तिची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. एच्. आय्. व्ही. ह्या विषाणूची बाधा झालेल्या मनुष्याची ही दुसरी जखम पुष्कळदां पहिलीहून खोल असते, आणि ती बहुधा भोंवतालच्या लोकांनींच केलेली असते. हीच गोष्ट प्रस्तुत लेखांत थोडक्यांत सांगावयाची आहे.

प्रथम रोगाविषयीं. एड्स हा रोग १९८१ सालीं अमेरिकेंतील डॉक्टरांच्या ध्यानांत आला, व १९८३ सालीं पॅरिस येथील पाश्चर संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं त्याचा विषाणु शोधून काढला. आपल्या देशांत त्याची पहिली नोंद १९८६ सालीं मद्रास (आजचें चेन्नई) येथें झाली. शरीराचें रोगांपासून रक्षण करणाऱ्या पेशींचाच हा विषाणु नाश करितो. तो बाधित रक्तांतून, दूषित सुईमुळें, शरीरसंबंधांतून, तसाच मातेकडून तिच्या बालकास जाऊं शकतो. हस्तांदोलन करणें, एका बांकावर बसणें, एका पंक्तीस जेवणें, एका मैदानावर खेळणें यांपासून तो कदापि होत नाहीं. १९९६ च्या सुमारास अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति सुरू झाली, आणि २००४ च्या एप्रिलपासून भारत सरकार हीं औषधें विनामूल्य देऊं लागलें. तीं नियमानें घेणारा मनुष्य आज दीर्घ आयुष्य जगूं शकतो. त्याच्या रक्तांतील विषाणु इतका कमी होतो कीं तपासणींत तो सांपडत नाहीं, व तसा तो राहिल्यास शरीरसंबंधांतूनही दुसऱ्यास जात नाहीं.

मग मन कां खचतें? याचें उत्तर एका शाळकरी मुलाच्या चरित्रांत सांपडतें. अमेरिकेंतील इंडियाना राज्यांत कोकोमो नांवाचें शहर आहे. तेथील रायन व्हाइट (जन्म १९७१) यास जन्मतःच हीमोफिलिया हा विकार होता; म्हणजे जखम झाल्यास त्याचें रक्त लवकर गोठत नसे. त्यावरील औषध दात्यांच्या रक्तापासून बनवीत, व त्या औषधांतूनच त्यास बाधा झाली. १९८४ च्या डिसेंबरांत त्यास एड्स झाल्याचें कळलें. त्या वेळीं तो तेरा वर्षांचा होता, आणि तो सहाच महिने जगेल असें डॉक्टरांस वाटलें. प्रकृति जरा सुधारतांच त्यानें शाळेंत जावयाचें म्हटलें. परंतु १९८५ सालीं शाळेनें त्यास प्रवेश नाकारला. घरीं बसून टेलिफोनवरून तो वर्गांतील पाठ ऐके. कोर्टांतील झगड्यानंतर १९८६ सालीं त्यास पुन्हां शाळेंत घेतलें, तेंही निराळें शौचगृह व निराळीं भांडीं देऊन. लोक त्याचा हात हातांत घेईनात. एकदां तर त्याच्या घराच्या खिडकीवर बंदुकीची गोळी झाडली गेली.

१९८७ सालीं हें कुटुंब सिसेरो गांवीं राहावयास गेलें. मग हॅमिल्टन हाइट्स विद्यालयांत निराळाच अनुभव आला. रायन येण्यापूर्वींच विद्यार्थ्यांस ह्या रोगाची खरी माहिती देण्यांत आली होती, आणि मुलांनीं ती घरीं जाऊन आईबापांस सांगितली होती. पहिल्याच दिवशीं शाळेच्या अधिकाऱ्यांनीं त्याच्याशीं हस्तांदोलन करून त्याचें स्वागत केलें. १९८८ सालीं राष्ट्राध्यक्षांनीं नेमलेल्या आयोगापुढें रायननें स्वतः ही सर्व हकीकत सांगितली. रोग तोच, मुलगा तोच; पालटली ती शाळा. १९९० च्या एप्रिलांत, अठराव्या वर्षीं तो वारला. परंतु ज्यास सहा महिन्यांची मुदत दिली होती तो मुलगा पांच वर्षांहून अधिक जगला, व त्यांतील शेवटचीं वर्षें मित्रांच्या संगतींत जगला.

आतां मनाचा शरीराशीं संबंध पाहूं. बाधा झाल्याचें कळतांच मनुष्य प्रथम गोंधळतो, मग रागावतो, आणि पुढें लोक काय म्हणतील ह्या भीतीनें स्वतःसच दोष देऊं लागतो. झोंप उडते, अन्न गोड लागत नाहीं, कशांतही मन रमत नाहीं. ही उदासीनता फार दिवस टिकली तर तिला रोगच म्हटलें पाहिजे, आणि तो रोग एच्. आय्. व्ही. बाधितांत इतरांपेक्षां अधिक आढळतो. असा मनुष्य औषध घेण्याचा कंटाळा करितो. किंवा कोणी पाहील म्हणून गोळ्या लपवितो व वेळ चुकवितो. गोळ्या चुकल्या कीं विषाणु पुन्हां वाढतो, कधीं कधीं त्या औषधास दादही देईनासा होतो. याप्रमाणें आपण केलेली कुचेष्टा शेवटीं दुसऱ्याच्या रक्तापर्यंत जाऊन पोहोंचते!

जन्मापासून बाधा असलेल्या मुलांचा प्रश्न विशेष नाजूक आहे. रोजची गोळी कशासाठीं हें त्यांस कित्येक वर्षें कोणी सांगत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ सालीं असा सल्ला दिला आहे कीं, शाळेच्या वयांत, मुलाच्या समजुतीप्रमाणें, हळूहळू त्यास खरें काय तें सांगावें. पालकांनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें. कारण दुसऱ्याच्या तोंडून अचानक कळलेलें सत्य फार जिव्हारीं लागतें.

ह्या व्यथेवर उपाय आहेत. सरकारी रुग्णालयांत समुपदेशक असतात. उदासीनतेवर औषधें आहेत. आणि त्याच वाटेनें गेलेल्या दुसऱ्या मनुष्याची सोबत तर मोठाच धीर देते. १०९७ ह्या क्रमांकावर रोगाविषयीं, व १४४१६ ह्या क्रमांकावर मनाच्या दुःखाविषयीं विनामूल्य सल्ला मिळतो. २०१७ सालच्या कायद्यानें शिक्षण, नोकरी व औषधोपचार यांत बाधितांस वेगळें वागविण्यास मनाई केली आहे.

परंतु कायदा शाळेचें दार उघडूं शकतो. बांकावर शेजारीं जागा करून देणें तुमच्याच हातीं आहे. म्हणून, बालमित्रहो, तीन गोष्टी पाळा. कोणाच्या आजाराची चौकशी कुतूहलानें करूं नका. विश्वासानें सांगितलेली गोष्ट जिभेवर येऊं देऊं नका. आणि कोणी एकटा बसलेला दिसला तर त्यास खेळावयास बोलवा. हॅमिल्टन हाइट्स विद्यालयांतील मुलांनीं ह्याहून अधिक कांहीं केलें नव्हतें.