आधी नदी मोजायची परवानगी माग

अगं, तुझा अर्ज वाचला. पहिल्याच ओळीत ‘वीजप्रकल्प उभारण्यास परवानगी मिळावी’ असं लिहिलंयस. ती ओळ आधी खोड. तुला आत्ता काहीच उभारायचं नाहीये, वर्षभर नदीचा वेग आणि खोली मोजायचीय. तेवढंच माग. उभारणीचं नाव काढलंस की जलसंपदा खात्याचे साहेब जमिनीपासून सुरक्षेपर्यंत सगळं विचारतील, आणि त्यातल्या एकाचंही उत्तर तुझ्याकडे आज नाही.

जागाही नीट निवड. काळू नदी पावसाळ्यात कितीही दांडगी वाहो, उन्हाळ्यात तिचे डोह तेवढे उरतात. भातसा नदीचं तसं नाही. मुंबईचं पाणी धरणातून नदीतच सोडतात आणि खाली पिसे इथे उचलतात, म्हणून ती वैशाखातही वाहती असते. पण पाणी कधी वाढेल ते धरणावर ठरतं. विसर्गाच्या वेळा विचारून घेतल्याशिवाय पात्रात उतरू नकोस, आणि एकटी तर मुळीच नाही.

मोजायची घाई करू नकोस. टर्बाइनच्या एक चौरस मीटरच्या पात्यासमोरून सेकंदाला 1 मीटर वेगाने पाणी गेलं, तर त्यात जेमतेम 500 वॅटची ताकद असते. वेग 2 मीटर झाला की तीच 4000 वॅट होते. दुप्पट वेगाला आठपट. यातला तिसरा हिस्सा हाती लागला तरी खूप. म्हणजे वेगाचा अंदाज थोडा चुकला की पुढचं सगळं गणित कोसळतं. करंट मीटर मिळेपर्यंत काठावर 10 मीटरचं अंतर आख, नारळ सोड आणि घड्याळ लाव. मात्र पृष्ठभागावरचा वेग खालच्यापेक्षा जास्त असतो, म्हणून आलेल्या आकड्याला 0.85 ने गुण.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साहेबांच्या टेबलाआधी ग्रामसभेत जा. शेजारच्या मुरबाड तालुक्यात काळू धरणाचं काम वनखात्याच्या मंजुरीआधीच सुरू झालं आणि 2012 मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबवलं. तुझ्या हातात वही-टेप दिसली की ‘धरणवाले आले’ म्हणतील, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. बांध घालायचा नाही, कुणाची जमीन बुडणार नाही, हे स्वतः उभी राहून सांग. मासे धरणाऱ्या कातकऱ्यांना विचार, जाळी कुठे लावतात. ती जागा सोड. भातसेचा शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतो, तिथे पेसा कायद्यामुळे ग्रामसभेच्या ठरावाला वजन आहे. त्याची नक्कल अर्जाला जोड, मग जलसंपदाच्या कार्यकारी अभियंत्यांकडे जा. काठ वनजमिनीत येत असेल तर वनखात्याकडे वेगळा अर्ज लागेल.

सभेत कुणीतरी विचारेलच, ‘आम्हाला काय मिळणार?’ गं, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या बायका तिथे बसलेल्या असतील. त्यांच्या उशाला धरण, धरणाच्या पायथ्याशी 15 मेगावॅटचं वीजकेंद्र, आणि हंडा मात्र रिकामा. त्यांना दिव्याचं आमिष दाखवू नकोस. ‘अजून माहीत नाही, मोजून झालं की आकडे आधी तुमच्यासमोर ठेवीन’ एवढंच सांग, आणि तेच वाक्य अर्जातही लिही. नवा मसुदा रविवारपर्यंत मला पाठव, तलाठ्याकडून गट नंबर घेऊन.