न पाहिलेल्या इंजिनची अश्वशक्ती

एखादी नवी शर्यतीच्या जातीची मोटार बाजारात यायची असली, की ती येण्याआधीच तिच्याविषयी तर्कवितर्क सुरू होतात. कुणी म्हणतो तिचे इंजिन ६०० अश्वशक्तीचे असणार, कुणी छातीठोकपणे ८०० सांगतो. गाडी कुणीच पाहिलेली नसते. कंपनी तर तोंड मिटून बसलेली असते. मग या आकड्यांपैकी कोणता मानावा? पुष्कळांना वाटते की हा नुसता गप्पांचा विषय आहे. पण नववी-दहावीचे पदार्थविज्ञान आणि थोडे रसायन एवढ्या भांडवलावर यातला खरा आकडा बराच जवळपास गाठता येतो. आज आपण तेच करून पाहू. त्यासाठी एक प्रत्यक्ष घडलेले उदाहरण घेऊ, म्हणजे उत्तर शेवटी ताडून पाहता येईल.

अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीची कॉर्व्हेट ही मोटार १९५३ पासून निघत आली. तिचे इंजिन नेहमी पुढे, बॉनेटखाली असे. झोरा आर्कस-डंटॉव्ह या तिच्या नामांकित अभियंत्याची फार इच्छा होती की इंजिन गाडीच्या मध्यभागी, चालकाच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे बसवावे. १९६० साली त्याने तशी एक प्रायोगिक गाडी बनवलीसुद्धा. पण विक्रीसाठीची तशी कॉर्व्हेट जाहीर व्हायला २०१९ साल उजाडले. डंटॉव्ह १९९६ मध्येच वारला होता.

इंजिन मध्यभागी कशाला? एक काठी घ्या. तिच्या दोन टोकांना एकेक वीट बांधा आणि मध्ये धरून झटकन फिरवून पहा. मग त्याच विटा मुठीलगत बांधून फिरवा. वजन तेवढेच, पण दुसऱ्या खेपेस काठी किती चटकन वळते! जड इंजिन गाडीच्या मध्याजवळ आले की गाडीही तशीच चटकन वळते. शिवाय मागच्या चाकांवर भार वाढतो, आणि ढकलण्याचे काम तीच चाके करीत असल्यामुळे ती जागच्या जागी घसरत फिरत नाहीत.

२०१९ च्या या गाडीत ६.२ लिटरचे, आठ सिलिंडरांचे, ४९० अश्वशक्तीचे इंजिन होते. आमचा प्रश्न मात्र तिच्या पुढच्या, अधिक जहाल भावंडाविषयी आहे. त्याचे नाव झेड-०-६. हे भावंड येणार हे सर्वांना माहीत होते, पण त्याची शक्ती २६ ऑक्टोबर २०२१ पर्यंत गुलदस्त्यात होती. तुम्ही त्या तारखेच्या दोन-तीन महिने आधी आहात असे समजा.

आता इंजिनची शक्ती कशावर अवलंबून असते ते पाहू. शक्ती म्हणजे दर सेकंदाला होणारे कार्य. फिरणाऱ्या दांड्याच्या बाबतीत ती दोन गोष्टींच्या गुणाकाराने मिळते: फिरवण्याचा जोर आणि फिरण्याचा वेग. फिरवण्याच्या जोराला आपण ‘पीळ’ म्हणू. पान्याने नट आवळताना तुम्ही जो देता तोच हा पीळ. पान्याच्या लांबीला बलाने गुणले की तो मिळतो आणि न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. वेग मात्र फेऱ्यांत न घेता रेडियनमध्ये घ्यायचा. एका फेरीत ६.२८ रेडियन असतात. पीळ गुणिले दर सेकंदाचे रेडियन, बरोबर वॅट. आणि ७४६ वॅट म्हणजे एक अश्वशक्ती.

म्हणजे आपल्याला दोनच आकडे हवेत. पण न पाहिलेल्या इंजिनचा पीळ कसा कळणार?

इथे रसायन मदतीला येते. इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण पेट्रोल हवे तेवढे ओतता येते. टंचाई असते ती हवेची. ज्या इंजिनमध्ये हवा पंपाने कोंबलेली नाही, ते आपल्या सिलिंडरांत मावेल तेवढीच हवा ओढू शकते. एक लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणून एक लिटर हवेत ०.०८ ग्रॅमच्या आसपास पेट्रोल जळते. एक ग्रॅम पेट्रोलमधून सुमारे ४४ किलोजूल उष्णता निघते, तेव्हा आपल्याला मिळाली ३.६ किलोजूल. यातली दोन तृतीयांश धुराबरोबर, पाण्याबरोबर आणि घर्षणात वाया जाते असे धरा. चांगल्या इंजिनमध्ये ढोबळमानाने हेच प्रमाण असते. उरले १.२ किलोजूल, म्हणजे १२०० जूल.

फोर-स्ट्रोक इंजिनमध्ये हवा ओढणे, दाबणे, जाळणे आणि धूर काढणे हे चक्र दोन फेऱ्यांत पुरे होते. दोन फेऱ्या म्हणजे १२.५७ रेडियन. १२०० भागिले १२.५७ केले की उत्तर येते ९५. इंजिनच्या दर लिटरमागे सुमारे ९५ न्यूटन-मीटर पीळ! कारखान्यात पाऊल न टाकता, कागदावर आपण हे काढले.

हा आकडा कितपत भरवशाचा? ओळखीच्या इंजिनांवर तपासू. २००९ साली आलेली फेरारी ४५८ हीसुद्धा मध्यभागी इंजिन असलेली मोटार. इंजिन ४.५ लिटर, शक्ती ५७० अश्वशक्ती, ती मिनिटाला ९००० फेऱ्यांवर. (युरोपातील अश्वशक्ती ७३५.५ वॅटची असते हे विसरू नका. अफवांमधले निम्मे घोळ एवढ्यानेच होतात.) उलट गणित केले की दर लिटरमागे ९९ न्यूटन-मीटर येतात. फोर्ड कंपनीची २०१५ सालची मस्टँग जीटी ३५० घ्या: ५.१६ लिटर, मिनिटाला ७५०० फेऱ्यांवर ५२६ अश्वशक्ती. उत्तर ९७. साध्या कॉर्व्हेटचे मात्र ८८ येते, कारण तिच्या प्रत्येक सिलिंडरला दोनच झडपा आहेत. वेग वाढला की तिला दम लागतो. वरच्या दोघींना चार-चार झडपा आहेत. तेव्हा चांगल्या श्वासोच्छ्वासाच्या इंजिनसाठी आपण ९८ धरू.

आता इंजिन किती लिटरचे? याचा सुगावा शर्यतीच्या मैदानावर लागला. २०२० च्या जानेवारीत डेटोना येथील २४ तासांच्या शर्यतीत मध्य-इंजिनाची कॉर्व्हेट उतरली. तिचे इंजिन ५.५ लिटरचे असल्याचे कंपनीने सांगितले होते. शर्यतीच्या नियमांमुळे हवेची वाट आवळून तिची शक्ती ५०० अश्वशक्तीच्या आसपास ठेवली होती, म्हणून तो आकडा आपल्या कामाचा नाही. पण आकारमान कामाचे आहे. हेच इंजिन विक्रीच्या गाडीत येणार हा तर्क सरळ होता. ९८ गुणिले ५.५ म्हणजे ५३९ न्यूटन-मीटर.

राहिला वेग. आणि हा भाग मला स्वतःला सगळ्यांत गमतीचा वाटतो, कारण तो कानांनी मोजायचा आहे.

२०२१ च्या जुलैत, गाडी उघड करण्याच्या आधी, कंपनीने तिचा आवाज ऐकवला. जाणकारांनी कान टवकारले, कारण तो नेहमीच्या अमेरिकी आठ-सिलिंडरी इंजिनासारखा गुडगुडणारा नव्हता. तीक्ष्ण, चढा होता. त्याचे कारण क्रँकशाफ्टच्या घडणीत आहे. नेहमीच्या इंजिनमध्ये क्रँकच्या भुजा एकमेकींशी काटकोनात असतात. त्यामुळे चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगांपैकी एकाच रांगेचे बार ऐकले तर ते समान अंतराने होत नाहीत. बेतालासारखे होतात, आणि तीच ती गुडगुड. भुजा एकाच पातळीत, एक वर तर एक खाली अशा ठेवल्या, की बार डाव्या-उजव्या रांगेत आळीपाळीने होतात आणि प्रत्येक रांगेला ठेका सापडतो. ठेका बांधलेला असला की आवाज एकसंध सूर होतो, आणि सुराची वारंवारता मोजता येते.

आठ सिलिंडरांतील प्रत्येकाचा दोन फेऱ्यांत एक बार. म्हणजे एका फेरीत चार बार. गिअर बदलण्याच्या क्षणी, इंजिन कमाल वेगात असताना, सूर दर सेकंदाला ५७० कंपनांचा भरला असे समजा. चाराने भागा: सेकंदाला १४२.५ फेऱ्या, मिनिटाला ८५५०. तुमच्यापैकी कुणी हार्मोनियम वाजवीत असेल तर त्याला हा सूर शोधता येईल: तार सप्तकातील काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध.

दोन सावधगिऱ्या मात्र हव्यात. एक, कान कधी कधी एकाच रांगेचा, म्हणजे निम्म्या वारंवारतेचा सूर पकडतो. पण मग वेग ४२७५ येईल, आणि शर्यतीचे इंजिन तेवढ्यावर थांबणार नाही हे उघड आहे. दुसरी अधिक फसवी. गाडी तुमच्या दिशेने धावत येत असेल तर सूर चढा ऐकू येतो. आगगाडीच्या शिटीचा अनुभव तुम्हाला आहेच. ताशी १०० किलोमीटरने येणाऱ्या गाडीचा सूर शेकडा ९ नी चढतो. तेव्हा आवाज गाडीतूनच किंवा उभ्या गाडीजवळ टिपलेला असला पाहिजे.

कमाल वेगाच्या जरा आधीच कमाल शक्ती मिळते, म्हणून आपण ८३०० फेऱ्या घेऊ. सेकंदाला ८६९ रेडियन. ५३९ गुणिले ८६९ बरोबर ४ लाख ६८ हजार वॅट. भागिले ७४६.

उत्तर: ६२८ अश्वशक्ती.

मग तो ८०० वाला? त्यालाही संधी देऊ. ५३९ न्यूटन-मीटर पिळातून ८०० अश्वशक्ती काढायची तर इंजिनला मिनिटाला १०,५०० च्या वर फेऱ्या घ्याव्या लागतील. दट्ट्याची धाव ८ सेंटिमीटर धरली, तर एका फेरीत तो १६ सेंटिमीटर जा-ये करतो. म्हणजे त्याची सरासरी चाल सेकंदाला २८ मीटर. रोज दुकानात जाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या गाडीत एवढी चाल कुणी ठेवीत नाही. ८४०० फेऱ्यांवर ती २२.४ असते आणि तेवढ्यातही टोकाशी परतताना दट्ट्यावर गुरुत्वत्वरणाच्या ३००० पटींहून जास्त त्वरण येते. अर्धा किलोचा दट्ट्या असेल तर तो जोडदांड्याला दीड टनाच्या वर ओढ देतो. पंपाशिवाय ८०० सांगणाऱ्याने हा दांडा कशाचा करणार तेही सांगायला हवे.

आता पडदा वर करू. २६ ऑक्टोबर २०२१ रोजी जाहीर झालेला आकडा होता ६७० अश्वशक्ती, मिनिटाला ८४०० फेऱ्यांवर. कमाल वेग ८६०० फेऱ्या. इंजिन खरोखरच ५.५ लिटरचे निघाले. सिलिंडरचा व्यास १०४.२५ मिलिमीटर, धाव ८० मिलिमीटर. (यावरून आकारमान काढून पहा. आठाने गुणायला विसरू नका.)

आपण ४२ अश्वशक्तींनी, म्हणजे शेकडा ६ नी कमी पडलो. वेगातली चूक किरकोळ होती. मुख्य चूक पिळात: इंजिनने त्या वेगावर लिटरमागे ९८ ऐवजी १०४ दिले. एक लिटर जागेत एक लिटरपेक्षा अधिक हवा शिरते कशी? बासरीच्या नळीत जसे हवेचे कंपन उभे राहते तसेच हवा आत नेणाऱ्या नळ्यांतही राहते. नळीची लांबी नेमकी साधली तर झडप मिटण्याच्या ऐन क्षणी दाबाची लाट तिथे पोहोचते आणि जास्तीची हवा आत ढकलते. शिवाय या इंजिनमध्ये हवा १२.५ पट दाबली जाते, त्यामुळे त्याच उष्णतेतून काम अधिक निघते. आपल्या ‘एक तृतीयांश’मध्ये ही गोष्ट धरलेली नव्हती. शिक्षकांनी वर्गात हे गणित घ्यावे आणि तो तृतीयांश थोडा कमी-जास्त करून उत्तर किती हलते ते मुलांना पाहू द्यावे.

आमची रीत कुठे पुरती कोलमडते तेही सांगितले पाहिजे. २०२४ च्या जुलैत याच घराण्यातील झेडआर-१ आली. तेच ५.५ लिटर, पण धुराच्या झोतावर फिरणारे दोन टर्बो हवा कोंबायला बसवलेले. शक्ती १०६४ अश्वशक्ती, आणि तीही ७००० फेऱ्यांवर! बहुतेकांचे आडाखे हजाराच्या आतच राहिले होते. गणित केले तर लिटरमागे १९८ न्यूटन-मीटर निघतात, आपल्या आकड्याच्या दुप्पट. म्हणजे प्रत्येक सिलिंडरात जवळजवळ दुप्पट हवा जात असली पाहिजे. पण हे आकडा कळल्यानंतरचे शहाणपण झाले. आवाजावरून फेऱ्या कळतात, टर्बो किती दाब देतो ते कळत नाही.

२०२५ च्या जूनमध्ये तर त्याहून अवघड कोडे आले. झेडआर-१-एक्स या गाडीत तेच १०६४ अश्वशक्तीचे इंजिन मागे ठेवून पुढच्या चाकांना १८६ अश्वशक्तीची विजेची मोटर जोडली, एकूण १२५०. ही मोटर हवा ओढत नाही, बार करीत नाही. तिची शक्ती आधीच ताडायची असेल तर आपल्याला विद्युत्‌घटाचे वजन, त्याचा दाब आणि तारांतून जाणारा प्रवाह यांच्याकडे वळावे लागेल, आणि ते गणित अगदीच निराळे.