भूक, बाजार आणि मरादीची मुले

आळवी नगरीतील एका गरीब शेतकऱ्याची कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत येते. हरवलेला बैल शोधून थकलेला तो मनुष्य उपाशीपोटीच धम्मश्रवणास पोहोचला. त्याच्यासाठी थांबलेल्या तथागतांनी आधी त्याला जेवू घालावयास सांगितले, आणि मगच उपदेश केला. 2005 सालच्या नायजरचा इतिहास वाचताना मला ही कथा वारंवार आठवते.

नायजर हा पश्चिम आफ्रिकेतील, सहारा वाळवंटाच्या काठावरचा देश. 1960 पर्यंत फ्रान्सची वसाहत. बाजरी आणि ज्वारी हे तेथील मुख्य अन्न. (ही दोन्ही धान्ये मूळची आफ्रिकेचीच, भाकरी मोडताना आपल्याला ते सहसा आठवत नाही.) 2004 साली तेथे पाऊस लवकर थांबला, त्यात टोळधाड आली. तरीही देशातले धान्य संपले नव्हते. दक्षिणेकडील मरादी हा प्रदेश तर धान्याचे कोठार समजला जातो, आणि कुपोषित मुलांचे लोंढे आले ते तेथूनच! बाजारात बाजरीची पोती होती, पण घेणाऱ्याच्या हाती पैसा नव्हता. शेजारच्या नायजेरियातील मागणीमुळे भाव चढले, जनावरांच्या किमती मात्र कोसळल्या. देणी भागविण्यासाठी सुगीतच धान्य विकलेल्या कुटुंबांना पावसाळ्यात तेच धान्य चढ्या दराने घ्यावे लागले. ज्यांच्या आजोबांनी सावकारी पाहिली आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

सरकारने, देणगीदारांच्या संमतीने, आरंभी धान्य मोफत न वाटता सवलतीच्या दरात विकले. फुकट वाटले तर बाजार बिघडेल, ही भीती. जूनमध्ये राजधानी नियामेत मोफत धान्यासाठी मोर्चा निघाला. ऑगस्टमध्येही राष्ट्राध्यक्ष ममदू तान्जा जनता चांगली पोसलेली दिसते, असेच सांगत होते.

याच काळात मरादीत 'मेदसां सां फ्राँतिएर' ही डॉक्टरांची संघटना काम करीत होती. 1971 साली स्थापन झालेल्या या संघटनेला 1999 चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले आहे. तिची कार्यपद्धती मुद्दाम सांगण्याजोगी आहे. पूर्वी तीव्र कुपोषित बालकाला औषधी दूध देण्यासाठी कित्येक आठवडे रुग्णालयात ठेवावे लागे. दूध पाण्यात कालवायचे, आणि अशुद्ध पाण्यातून पुन्हा रोगजंतू पोटात जायचे. शिवाय घरी इतर लेकरे आणि पेरणी टाकून आई किती दिवस राहणार? बालरोगतज्ज्ञ आंद्रे ब्रियाँ यांच्या प्रयत्नांतून शेंगदाणे, दूधभुकटी, साखर, तेल, जीवनसत्त्वे व खनिजे यांची पेस्ट तयार झाली होती. 92 ग्रॅमच्या एका पुडीत 500 कॅलरी. ना पाणी, ना चूल. मुलाच्या दंडाला पट्टी लावून घेर मोजायचा, वजन करायचे, मग पुडी हाती द्यायची. मूल ती आवडीने खाऊ लागले आणि दुसरा गंभीर आजार नसला, तर आठवड्याचा साठा घेऊन आई घरी जाई. भूक मेलेली वा आजाराने खंगलेली मुलेच दाखल होत. त्या वर्षी नायजरमध्ये या संघटनेने 60 हजारांहून अधिक तीव्र कुपोषित बालकांवर उपचार केले. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आदींनी घरच्या घरी उपचाराच्या या पद्धतीला संयुक्त निवेदनाने मान्यता दिली.

मात्र या डॉक्टरांचे मोठेपण मला पुडीपेक्षा त्यांनी उघड घेतलेल्या भूमिकेत दिसते. ज्यांना परवडत नाही त्यांना धान्य आणि उपचार मोफत मिळालेच पाहिजेत, असे ते सरकारला व देणगीदारांना सुनावीत राहिले. यामागील अर्थशास्त्र अमर्त्य सेन यांनी 1981 मध्येच मांडले होते: दुष्काळात माणसे मरतात ती पुष्कळदा धान्याच्या अभावाने नव्हे, तर धान्यावर हक्क नसल्याने. 1972-73 च्या दुष्काळात महाराष्ट्रात दरडोई धान्य आफ्रिकेच्या त्या पट्ट्यापेक्षाही कमी होते, असे ज्याँ द्रेझ यांनी दाखवून दिले आहे. तरी येथे मोठा भूकबळी टळला, कारण ऐन उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर होती. खडी फोडून मिळालेल्या त्या मजुरीवर आपल्यापैकी अनेकांची घरे तगली.

एक गोष्ट राहिली. फ्रेंच अमलात मरादीच्या शेतांत निर्यातीसाठी भुईमूग पिकविला जाई. तोच शेंगदाणा परदेशी कारखान्यातील पुडीत बंद होऊन त्या शेतकऱ्यांच्या नातवंडांकडे औषध म्हणून परतला. पुढे ही पेस्ट नियामेतही बनू लागली.