शहराच्या पायाखालची फुले

इंग्रजी साहित्यातील स्वच्छंदतावादी कालखंड म्हटला की सरोवरे, डोंगर आणि शहराकडे पाठ फिरवून निघालेला कवी डोळ्यांसमोर येतो. निसर्ग खेड्यात आणि कृत्रिमता शहरात, अशी वाटणी आपण सहज करून टाकतो. त्याच काळातील निसर्गाभ्यासाचा इतिहास वाचताना ही वाटणी मला अपुरी वाटू लागली. या दृष्टीने विल्यम कर्टिस (१७४६-१७९९) याचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे.

कर्टिस मूळचा हॅम्पशायरमधील ऑल्टन या गावचा. आजोबांच्या हाताखाली औषधे बनविण्याचे काम शिकून तो लंडनला आला. चेल्सीच्या औषधी बागेत १७७२ पासून काही वर्षे तो विद्यार्थ्यांना वनस्पतींची ओळख करून देत असे. १८०१ च्या पहिल्या जनगणनेत ज्या लंडनची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात भरली, त्याच वाढत्या शहराच्या आसपास आपोआप उगवणाऱ्या वनस्पतींची नोंद करण्याचे काम त्याने अंगावर घेतले. 'फ्लोरा लोंडिनेन्सिस' हा त्याचा ग्रंथ १७७७ ते १७९८ या काळात भागाभागाने निघाला. त्यात हाताने रंगविलेली चारशेहून अधिक चित्रे आहेत. डेझी, डँडेलियन, वाटेकडेचे गवत यांनाही त्याने मानाने जागा दिली.

हा अभ्यास केवळ हौसेचा नव्हता. १७८२ मध्ये लंडनच्या परिसरातील झाडाझुडपांवर सुरवंटांची जाळी पसरली आणि लोक भयभीत झाले. तेव्हा त्या किड्याचा जीवनक्रम समजावून सांगणारी पुस्तिका लिहून कर्टिसने लोकांची भीती दूर करण्याचा प्रयत्न केला. दुसरीकडे, त्याच शहराच्या धुराने त्याची लॅम्बेथ येथील बाग टिकू दिली नाही. ती त्याला ब्रॉम्प्टनला हलवावी लागली.

मात्र 'फ्लोरा लोंडिनेन्सिस'ला पुरेसे ग्राहक मिळाले नाहीत. अखेर १७८७ मध्ये त्याने 'बोटॅनिकल मॅगझिन' सुरू केले. त्यात परदेशांतून आणलेल्या, बागेत शोभणाऱ्या फुलांची चित्रे असत. ते उत्तम खपले आणि आजही निघते. दारातल्या गवताने त्याला नाव दिले, पण पोट भरले ते परदेशी फुलांनी!

मला या कथेतील हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. शहराला निसर्ग नको होता असे नाही. त्याला दुर्मिळ, शोभेचा निसर्ग हवा होता. पायाखालच्या निसर्गाला तेथे किंमत नव्हती. आमच्या घरी शेती आहे. बांधावरचे कोणते गवत जनावर खाते, पहिल्या पावसानंतर कोणती रानभाजी उगवते, हे माझ्या आईला ठाऊक आहे. परंतु त्या माहितीला 'ज्ञान' म्हणतात हे मला कॉलेजात येईपर्यंत कोणी सांगितले नव्हते. कर्टिसने तणाला ग्रंथात स्थान दिले. स्वच्छंदतावादाचा अभ्यास करताना सरोवराकाठच्या कवींबरोबर, लंडनच्या रस्त्याकडेला वाकून गवत पाहणाऱ्या या माणसाचीही आपण आठवण ठेवावी, असे मला वाटते.